बोगद्याच्या अलीकडं इटली, पलीकडं स्वित्झर्लंड

"भाई माझ्यावर रागावूनच गेला काय?"

हा प्रश्न मी अम्माला विचारला, भाभीला विचारला, बसाप्पा काकांना विचारला. तानाजीला तर तीन वेळा विचारला. एकानंही उत्तर दिलं नाही. विचारलं की समोरचा माणूस छपराच्या पत्र्याकडं बघतो आणि मग म्हणतो, "तुला ती बसची गोष्ट म्हाईत हाय काय?" की झाला किस्सा सुरू!

असे किस्से साठत चाललेत. आमच्या घरी रडायला आलेली माणसं पोट धरून हसून गेली. अम्मा आतून ओरडायची, "अरे, मयताचं घर हाय!" आणि दोन मिनिटांनी तीच दारात येऊन म्हणायची, "ती म्हातारीची गोष्ट सांगितली काय रे?" आता मलाही सवय लागली आहे. कुणी भाईबद्दल काही विचारलं की मीही किस्साच सांगतो.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, सिकंदर. कबनूरमध्ये मागाच्या शेडात जॉबर होता, म्हणजे बंद पडलेला माग सुरू करून देणारा माणूस. पुढं त्याचं काम बदललं. युरोपात कापडाच्या गिरण्या बंद पडत होत्या आणि तिथले जुने पण दणकट माग आपल्याकडचे कारखानदार घ्यायला लागले होते. ते तिथं जाऊन खोलायचे, पेट्यांत भरायचे, कंटेनरात चढवायचे आणि इथं आणून परत उभे करायचे. हे काम आमची टोळी करायची. टोळीत चौघंच. भाई मुकादम. बसाप्पा काका गडहिंग्लजचे, कपाळाला भस्म, निम्मं बोलणं कानडी. तानाजी नेसरीचा, एके काळचा पैलवान, आता नुसता आकार राहिलाय. आणि मी इम्रान. सातवीत शाळा सोडली तेव्हा भाईनं माझ्या हातात पाना दिला.

आमच्या वाट्याला देश आले दोनच, इटली आणि स्वित्झर्लंड. शेवटच्या ट्रिपला भाईनं स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यांसमोर माझ्या मुस्काडीत मारली. मी टोळी सोडून आलो. नंतर दोन महिने एका घरात राहून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आणि एका दुपारी भाई शेडाच्या पायरीवर बसला, पोराला चहा आणायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय अडतीस.

म्हणून मी विचारतोय. आणि म्हणून सगळे मला बसची गोष्ट सांगतात.

* * *

तर बसची गोष्ट.

इटलीत आम्ही राहायचो त्या गावातून गिरणीपर्यंत बस होती. पहिल्या दिवशी बस चाळीस मिनिटं उशिरा आली. आम्ही चौघं थंडीत काकडतोय आणि भाई मात्र खूश! का, तर ड्रायव्हर उतरला, स्टॉपवरच्या एका बाईशी पाच मिनिटं बोलला, तिच्या पिशवीतलं एक संत्रं घेतलं, सोलून खाल्लं आणि मग गाडी सुरू केली. भाई म्हणाला, "काका, हे तर तुमचं गडहिंग्लज स्टँडच की!"

पुढच्या महिन्यात स्वित्झर्लंड. तिथं बस सात अठ्ठावीसची. आम्ही पोचलो सात एकोणतीसला. बस निघाली होती, पण लांब गेली नव्हती. बसाप्पा काकांनी आयुष्यभर एस. टी. पकडलेली. त्यांनी धोतर... म्हणजे तिथं पँट होती, पण हात आपोआप धोतराचा सोगा धरायला गेला. तसेच धावत सुटले, "ओ मास्तर! वडील माणूस हाय की! थांबवा!"

मास्तर कुठला? गाडीत कंडक्टरच नव्हता. बस गेली. स्टॉपवरची एक म्हातारी काकांकडं इतक्या काळजीनं बघायला लागली की तिला वाटलं असणार, ह्यांच्या घरी काहीतरी वाईट झालंय.

दुसऱ्या दिवशी भाईनं सगळ्यांना लवकर उठवलं. गिरणीच्या गेटवर आम्ही वीस मिनिटं आधी हजर! तिथला फोरमन पीटर आला, घड्याळ बघितलं आणि मोबाईलवर लिहून भाईपुढं धरलं. मोबाईल मराठीत बोलला: "काही अडचण आहे का? तुम्ही चुकीच्या वेळी आला आहात."

भाई कपाळाला हात लावून म्हणाला, "इटलीत आम्ही वेळेवर गेलो की मालक लाजायचा. हितं लवकर आलो तरी गुन्हा!"

* * *

ह्या दोन देशांच्या मधे डोंगर आहे. साधा नाही, बर्फाचा. त्याच्या पोटातून बोगदा काढलाय. एका तोंडातून आत शिरलं की इटली संपते आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलं की स्वित्झर्लंड. मधे कुठंतरी भिंतीवर रेघ आहे म्हणे. तानाजी दर वेळी ती रेघ बघायला काचेला नाक लावून बसायचा आणि दर वेळी नेमका शिंकायचा.

अलीकडं ऊन, तर पलीकडं धुकं. अलीकडं गाड्यांचे हॉर्न, बायका खिडकीतून खिडकीत बोलतायत, दोरीवर कपडे. पलीकडं सगळं गप. गवत सुद्धा एका उंचीचं. काका म्हणायचे, "यप्पा, देवानं हे गाव इस्त्री करून ठेवलंय."

इटलीतला आमचा फोरमन कार्लो. त्याला भाषेची गरजच नव्हती. दोन्ही हात, खांदे, भुवया, सगळं बोलायचं. भाई त्याच्याशी कबनूरच्या मराठीत बोलायचा, तो त्याच्या इटालियनमध्ये, आणि दोघांचं तासभर चालायचं. एकदा भाईनं त्याला विचारलं, पलीकडचे लोक कसे? कार्लोनं आधी घड्याळाकडं बोट केलं, मग काठी गिळल्यासारखा ताठ उभा राहिला, मग मोबाईल काढून नीट लिहिलं: "त्यांच्या गाई सुद्धा आधी कळवल्याशिवाय दूध देत नाहीत."

हे भाईनं डोक्यात ठेवलं. पलीकडं गेल्यावर पीटरला विचारलं, अलीकडचे लोक कसे?

पीटर विचार करायला लागला. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग त्यानं मोबाईलवर लिहिलं: "त्यांचं जेवण चांगलं असतं."

बस्स. एवढंच.

भाई आमच्याकडं वळून म्हणाला, "बघितलंसा? शिवी सुद्धा पॅकिंग करून देतोय!"

* * *

भाभीला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "भाभी, तो माझ्याबद्दल काय बोलायचा शेवटी?" ती म्हणाली, "मिरचीचं सांगितलं होतं काय त्यांनी तुला? की तू तिथंच होतास?"

मी तिथंच होतो. पण तिला सांगायचं होतं, म्हणून ऐकलं.

कार्लोच्या गिरणीत ऑफिसच्या दाराला एक लाल वस्तू टांगलेली होती. बोटाएवढी, वाकडी, टोकदार. भाईला वाटलं, मिरची. प्लास्टिकची मिरची. त्याला बरं वाटलं, म्हणजे हितं पण दृष्ट लागते तर! पण लगेच चेहरा पडला. "अरे, लिंबू कुठाय ह्यात?"

खरं म्हणजे ते शिंग होतं. तिकडं दृष्ट लागू नये म्हणून शिंग टांगतात. पण भाईला कोण सांगणार? त्यानं बाजारातून लिंबू आणलं, हिरव्या मिरच्या आणल्या, मागाच्या तारेत ओवल्या आणि लाल शिंगाच्या शेजारी टांगून दिल्या. सकाळी कार्लो आला, बघितलं आणि दारातच थबकला. मग हळूच जवळ जाऊन लिंबाचा वास घेतला. मग फोन करून आईला बोलावलं!

ती म्हातारी आली. सत्तरीची, काळे कपडे, चालणं आमच्या अम्मासारखं एका बाजूला झुकून. तिनं भाईला खुर्चीत बसवलं, ताटलीत पाणी घेतलं आणि त्यात तेलाचे थेंब सोडले. तेल पसरलं. म्हातारीनं डोळे मोठे केले. भाईला म्हणे जबर दृष्ट लागली होती! मग तिनं काहीतरी पुटपुटत त्याच्या कपाळावर अंगठा फिरवला. आता भाई ऐकतोय होय? त्यानं तिला खुर्चीत बसवलं, मूठभर मीठ घेतलं आणि तिच्यावरून सात वेळा उतरवलं. म्हातारी इतकी खूश झाली की त्या दिवसापासून आमचा दुपारचा डबा तिच्याकडून यायला लागला. काकांसाठी वेगळा, बिनमांसाचा. आणि कुणी थोडं टाकलं की ती हातवारे करून असा आक्रोश करायची की गावाला वाटावं, घरात कुणी गेलं.

पलीकडं गेल्यावर भाईनं पीटरच्या गिरणीत पण लिंबू मिरची टांगायला घेतली. पीटरनं अदबीनं थांबवलं. हे कशासाठी, विचारलं. भाईनं सगळं समजावलं. वाईट नजर, नुकसान, अपघात. पीटरनं मान हलवली, आत गेला आणि एक कागद घेऊन आला.

इन्शुरन्सची पॉलिसी!

भाभी तांदूळ निवडता निवडता हसली. मग ताट तसंच ठेवून आत गेली. माझ्या प्रश्नाचं राहिलंच.

* * *

आमची माग खोलायची एक पद्धत होती. ती भाईची. एका मागाचे हजारभर तुकडे होतात. कुठला कुठं बसायचा हे कळायला भाई चिंध्या बांधायचा. कबनूरहून गोणीभर चिंध्या घेऊन जायचा. डावीकडच्या तुकड्याला लाल, उजवीकडच्याला हिरवी, मधल्याला पिवळी. एक गाठ म्हणजे पहिला माग, दोन गाठी म्हणजे दुसरा. विमानतळावर ती गोणी उघडून अधिकारी नुसते बघत राहायचे.

कार्लोला हे फार आवडलं. त्यानं स्वतःच्या गळ्यात एक लाल चिंधी बांधली आणि दिवसभर तसाच फिरला.

पीटरला मात्र आवडलं नाही. त्याचं स्टिकर छापायचं मशिन होतं. प्रत्येक तुकड्याला छापील स्टिकर, त्यावर नंबर. दोन दिवस जागेवर बसून त्यानं सगळं चिकटवलं. भाईनं त्याचं मन मोडलं नाही, पण स्टिकरच्या शेजारी गपचूप चिंधी बांधलीच.

कंटेनर समुद्रातून आला. कबनूरला पेट्या उघडल्या तेव्हा निम्मे स्टिकर दमट होऊन पेटीच्या तळाला पडलेले. चिंध्या जाग्यावर. भाईनं फोटो काढून पीटरला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

पुढच्या ट्रिपला आम्ही गेटवर पोचलो तर पीटर हातात एक पेटी घेऊन उभा. आत चिंध्या. लाल वेगळ्या, हिरव्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या. सगळ्या एका मापाच्या कापलेल्या, धुतलेल्या आणि इस्त्री केलेल्या!

* * *

आता तानाजीचं. हा माणूस मला धीर द्यायला आला आणि स्वतःच ओसरीवर बसून रडायला लागला. मीच त्याला म्हटलं, "तान्या, गाईंचं सांग." तसा डोळे पुसून बसला.

पलीकडं डोंगरावर उन्हाळाभर गाई चरायला नेतात. थंडी पडायला लागली की खाली आणतात. त्या दिवशी गाईंना सजवतात. डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात घागरीएवढ्या घंटा. जी गाय सगळ्यात जास्त दूध देते तिचा मुकुट सगळ्यात मोठा. अख्खं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहतं.

तानाजीनं हे बघितलं आणि वेडाच झाला. "अरे, हा तर आपला पाडवा!" कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून काढतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, मालक पुढं मोटारसायकल पळवतो आणि म्हैस मागून धावत येते. तानाजीनं स्वतः म्हैस पळवलेली. त्यानं व्हिडिओ काढून नेसरीच्या ग्रुपवर टाकला. तिकडून पहिला मेसेज आला, "दूध किती?" दुसरा, "फॅट किती लागतंय?" तिसरा त्याच्या बायकोचा, "तिकडं गाई बघायला गेलाय व्हय?"

तेवढ्यात त्याला राहवलं नाही. रस्त्यात उतरला, सगळ्यात मोठ्या मुकुटाच्या गाईपुढं उभा राहिला आणि म्हशीला देतात तशी हाळी दिली, "हुर्र्र्र्या!" आणि पळत सुटला. त्याला वाटलं, गाय मागून धावत येणार.

पन्नास पावलं पळून मागं बघितलं, तर गाय जागच्या जागी. पाठीमागं सगळी रांग थांबलेली. माणसं झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडत होती, म्हणून पुढच्या गुराख्यानं रांग थांबवली होती.

भाई म्हणाला, "तान्या, गाईला सिग्नल कळला. तूच तोडलास!"

* * *

त्याच गावात एकदा पीटरनं आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलाच्या मधोमध एकच भांडं, त्यात वितळलेलं चीज, खाली दिवा. सगळ्यांनी लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यातच बुडवायचा. आपल्याकडं एका परातीत जेवतात तसंच. पण तिथं नियम! ज्याचा तुकडा भांड्यात पडेल त्यानं घराभोवती पळत एक फेरी मारायची.

तानाजीचा हात पैलवानाचा, काटा नाजूक. पाच तुकडे पडले. पाच फेऱ्या! प्रत्येक फेरीनंतर त्याची भूक वाढायची, घाई वाढायची आणि तुकडा पडायचा. शेवटी पीटरच्या बायकोनं त्याला चमचा दिला.

पण सांगायचं ते वेगळंच. त्या चीजमध्ये वाईन घालतात. ते कळल्यावर भाईनं आणि मी काटे खाली ठेवले.  पीटर उठला, आत गेला आणि दुसरं छोटं भांडं घेऊन आला. त्यात दुधात वितळवलेलं चीज. त्यानं आधीच विचारपूस करून तयार ठेवलं होतं. भांड्याच्या कडेला स्टिकर: "वाईन नाही. सिकंदर आणि भाऊ."

परतताना भाई म्हणाला, "कार्लोची आई जीव लावती ते गल्लीला ऐकू जातंय. हा लावतोय ते वाचावं लागतंय."

* * *

अम्माची आवडती गोष्ट म्हातारीची, म्हणजे झाडूवर बसणाऱ्या म्हातारीची.

अलीकडं, म्हणजे इटलीत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारी झाडूवरून उडत येते म्हणे. जी पोरं वर्षभर शहाणपणानं वागली त्यांच्या मोज्यात मिठाई टाकते आणि वात्रट पोरांच्या मोज्यात कोळसा. एका वर्षी त्या दिवसांत आम्ही तिथं होतो. सकाळी उठलो तर चौघांच्या बुटांपाशी चार मोजे. काम कार्लोच्या आईचं. काकांच्या मोज्यात संत्री, तानाजीच्या मोज्यात चॉकलेट, भाईच्या मोज्यात सुकामेवा.

माझ्या मोज्यात कोळसा!

कारण आठवडाभर आधी मी ट्रकवाल्याशी भांडून त्याची किल्ली नाल्यात फेकली होती. म्हातारीला कळलं होतं. मला इतका राग आला! कुणी वयात आलेल्या माणसाला असं करतं काय? मी तो कोळसा भिंतीवर फेकला. फुटला. काका म्हणाले, "तम्मा, राग जरा कमी कर." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ते मला तेच म्हणतात.

भाई वाकला. त्यानं फरशीवरचा एक काळा तुकडा उचलला, फुंकला आणि सरळ तोंडात टाकला. मी ओरडलो, "भाई, कोळसा हाय!"

भाई चावत होता. डोळे मिटून. मग म्हणाला, "साखर हाय रे येड्या!"

साखरेचा कोळसा करतात तिथं. काळा रंग दिलेला. मी फेकला नसता तर सगळा माझाच होता. भाईनं तुकडे गोळा केले, निम्मे मला दिले आणि म्हणाला, "तुझं सगळं असंच असतंय. आधी फेकतोस."

अम्मा हे वाक्य त्याच्याच आवाजात म्हणते. आणि मग पदर डोळ्यांना लावते.

* * *

आता मारलं त्याचं. हा किस्सा कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

पलीकडं रविवारी आवाज करायचा नाही. कायदाच आहे म्हणे, नसला तरी कायद्यासारखाच. गवत कापायचं नाही, काचेची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, टाकली तर खळ्ळ होतं. इटलीत रविवारी चर्चची घंटा, बँड, भांडण, सगळं एकदम. इथं रविवारी पाखरू सुद्धा हळू बोलतं. पीटरनं पहिल्याच दिवशी भाईकडून शब्द घेतला होता. रविवारी हातोडा नाही.

सोमवारी कंटेनर येणार होता. एका मागाची पिन अडकली होती, निघेना. शनिवारी तीन तास झटलो. रविवारी सकाळी भाई आणि काका आंघोळीला गेले तेव्हा मी मोठा घण घेतला. म्हटलं, चार घाव, काम फत्ते. कोण ऐकतंय?

सगळं खोरं ऐकत होतं. एकेक घाव डोंगरावर आपटून परत यायचा. बाराव्या घावाला पिन निघाली आणि मी वळून बघितलं, तर दारात माणसं. शेजारची कुटुंबं, रविवारच्या कपड्यांत. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी पण ओरडलो असतो. पीटर मधे उभा, मान खाली. त्यानं शब्द दिला होता शेजाऱ्यांना आणि भाईनं त्याला.

भाई आला तो ओल्या केसांनी.  सरळ माझ्या मुस्काडीत ठेवून दिली. त्या शांततेत चपराकीचाही आवाज झाला.

मी घण टाकला, बॅग उचलली, बस पकडली. बोगद्यातून अलीकडं आलो ते थेट कार्लोच्या दारात. त्याच्या आईनं ताट वाढलं. आठवडाभर तिच्याकडं राहिलो आणि तिकिटाच्या तारखेला एकटा घरी आलो.

भाई नंतर आला. मी दुसऱ्याच्या शेडात काम धरलं. घरात तो म्हणायचा, "त्याला सांग, जेवायला बस." मी म्हणायचो, "त्यांना सांग, भूक न्हाय." भाभी मधे उभी. असे दोन महिने.

* * *

शेवटचा किस्सा मला माहीत नव्हता. मी गेल्यानंतर तिकडं घडलेला. जियारतीच्या दिवशी, म्हणजे भाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, बसाप्पा काका गडहिंग्लजहून परत आले. मी त्यांना तोच प्रश्न विचारला. ते पत्र्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तम्मा, शिकंदर कुस्ती खेळला ते तुला म्हाईत हाय काय?"

"भाई? कुस्ती?"

"व्हय की!"

झालं असं. मी निघून गेल्यावर पीटरला वाईट वाटलं. तो भाईला म्हणाला, मी फक्त विनंती करायला आलो होतो, मारा असं म्हणालो नव्हतो. भाई आठवडाभर कुणाशीच बोलला नाही. मग पुढच्या रविवारी पीटर तिघांना गाडीत घालून डोंगरातल्या एका गावी घेऊन गेला. तिथं कुस्तीचा फड!

तानाजी तर उडालाच. पण आखाड्यात माती नाही. लाकडाचा भुसा! तानाजीनं मूठभर घेऊन नाकाला लावला. "ह्यात तालमीच्या मातीसारखं ताक न्हाय, हळद न्हाय, तेल न्हाय. सुताराच्या दुकानात झाडून आणलंय नुसतं!" आणि लंगोट नाही. पँटवरून गोणपाटासारख्या जाड कापडाची चड्डी चढवायची आणि एकमेकांची चड्डी धरूनच लढायचं. जिंकणाऱ्याला बक्षीस काय? बैल! जिवंत बैल, शिंगांना फुलं बांधलेला.

तानाजी म्हणाला, "काका, कंटेनरात जागा हाय काय?"

फड संपल्यावर पीटरनं विचारलं, पाहुण्यांपैकी कुणी एक डाव खेळणार का? तानाजीनं शर्ट काढला सुद्धा. पण ती चड्डी त्याच्या मांडीच्या वर चढेना! तिघांनी ओढली. लोक हसायला लागले. तानाजी रडकुंडीला आला. तेव्हा भाई पुढं झाला आणि म्हणाला, "आण हिकडं."

भाई लहानपणी दोन वर्षं तालमीत गेलता, तेवढंच. समोर एक दुधाच्या डेअरीवाला, दार झाकलं जाईल एवढा रुंद. दोघांनी एकमेकांची चड्डी धरली. काका म्हणतात, "मी शिवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. उघडले तवर शिकंदर पाठीवर!"

डेअरीवाल्यानं हात देऊन भाईला उठवलं. आणि मग एक रीत आहे तिथली. जिंकलेला माणूस हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा आपल्या हातानं झाडतो. त्या गड्यानं भाईला वळवलं आणि त्याची पाठ झाडायला लागला. सावकाश. खांद्यापासून कमरेपर्यंत.

"झाडून झालं," काका म्हणाले, "तो बाजूला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण शिकंदर हलेना. तसाच पाठ करून उभा. त्या गड्याला वाटलं, राहिलं असंल. त्यानं परत झाडली. तरी हा उभाच! शेवटी मी जाऊन हाताला धरून आणला."

परतताना गाडीत काकांनी विचारलं, "दुखतंय काय रे?"

भाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "काका, धाकटा जेवला असंल काय?"

"अरे, कार्लोच्या आईकडं हाय. न जेवता सोडंल काय ती?"

भाई म्हणाला, "तरी."

एवढं सांगून काका उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

पण हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी कबरीत उतरलो, कारण घरचा माणूस उतरतो. वरून चौघांनी भाईला खाली दिला, मी छातीशी घेतला, खाली ठेवला आणि उजव्या कुशीवर वळवला. कडेची थोडी माती सुटून त्याच्या कफनावर पडली, पाठीकडं. मी हातानं झाडायला लागलो.

वरून तानाजी म्हणाला, "इम्र्या, ऱ्हाऊ दे की. आता फळ्या लावून मातीच टाकायची हाय."

"थांबा," मी म्हटलं.

सगळी झाडली. मग फळ्या मागितल्या.